आवाजात थोडा फरक पडेल

पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरला सगळं हॉस्पिटल फिनेलबाई म्हणायचं. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. ती वॉर्डातून एक चक्कर मारून गेली की सगळं लख्ख व्हायचं आणि दोघातिघांच्या डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून हे नाव. तिला ते ठाऊक होतं. थोडंफार आवडायचंही, पण तसं तिनं मेली तरी कबूल केलं नसतं.

बाई नाकावर माशी बसू न देणारी. उंचीनं बेताची, पण चालणं असं की समोरून येणारा माणूस आपोआप भिंतीला चिकटायचा. चादरीचा कोपरा सुटलेला दिसला, सलाईनच्या स्टँडला धूळ दिसली, कोणी पेशंटच्या उशाशी उभं राहून मोबाईल बघताना दिसलं, की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. तिच्या वॉर्डात मेलेला माणूससुद्धा सरळ होऊन पडतो, असं नव्या पोरी एकमेकींना सांगायच्या आणि तोंडावर हात ठेवून हसायच्या.

गंमत म्हणजे नर्सच्या कामातल्या ज्या गोष्टींची लोकांना किळस येते, त्यांतल्या एकीचीही तिला कधी आली नाही. पू, उलटी, भांड्यातली घाण, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवरची चिघळलेली जखम, हे सगळं ती स्वयंपाकघरातली भांडी विसळावीत तितक्या सहज हाताळायची. शिकत होती तेव्हा बरोबरीच्या मुली ड्रेसिंग अर्धवट टाकून बाहेर पळायच्या आणि ही मागे राहून त्यांचंही काम उरकायची. अंगातून निघालेली घाण धुतली की जाते, असं तिचं म्हणणं. तिला किळस यायची ती बोलण्याची. गोड, गुळमुळीत, साखर पेरून केलेल्या बोलण्याची. कोणी पेशंटच्या गालाला हात लावून "काळजी करू नका हं, सगळं छान होणार आहे" असं म्हणालं की हिच्या नाकपुड्या आक्रसायच्या, जणू जवळपास कुठेतरी उंदीर मरून पडला आहे.

घरीही तेच. नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक. हात ग्रीसनं काळे आणि तोंडात जेमतेम तीनचार शब्द: बरं, नको, झालं, जेव. तेवढ्यावर त्यांचा संसार झकास चालला होता. एकुलती एक लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. ती फोनवर "आई, जीवाला जप गं" म्हणाली की ही म्हणायची, "मला काय धाड भरलीय? तुझं सांग." लेक हसायची. प्रेमाची भाषा त्या घरात अशीच होती आणि कोणाचं काही अडलं नव्हतं.

असं असूनही तिच्या स्वतःच्या वॉर्डात एक घाण होती आणि ती तिला कधी दिसली नव्हती. उलट तो आपला मोठा शहाणपणा आहे असं तिला वाटत आलं होतं.

ती गोष्ट अशी. दर पाळी बदलताना जुन्या पाळीच्या नर्सेस नव्या पाळीच्या नर्सेसना सगळे पेशंट सोपवून देतात. तिच्या वॉर्डात हे काम कॉटपाशी उभं राहून व्हायचं, मोठ्यानं, पेशंटला ऐकू जाईल असं. ह्यांचं अपेंडिक्स काढलंय, ताप उतरलाय, आज चालवायचं. पेशंट मध्येच म्हणायचा, "ताप नाही उतरला, सिस्टर," मग ते दुरुस्त व्हायचं. चांगली पद्धत. पण काही पेशंट असे असायचे ज्यांच्या नातेवाइकांनी डॉक्टरांना सांगून ठेवलेलं असे, की आमच्या माणसाला खरा आजार कळता कामा नये. अशा कॉटपाशी घोळका थांबत नसे. सगळ्याजणी हसतमुखानं "काय काका, बरंय ना?" म्हणत पुढे सरकायच्या आणि कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जमायच्या. तिथे एकजण हात धुण्यासाठी म्हणून नळ सोडायची आणि पाण्याच्या आवाजाआड त्या पेशंटचं सगळं हलक्या आवाजात सांगून टाकायच्या. तिच्या आधीच्या इन्चार्जनं घालून दिलेला हा रिवाज फिनेलबाईनं नुसता चालू ठेवला नव्हता, नव्या पोरींकडून तो घोटून घेतला होता. नळ पुरता सोडा, अर्धवट सोडला की शब्द ऐकू जातात, हेसुद्धा तिनंच शिकवलं होतं.

त्या वॉर्डात एक लिफ्टमन दाखल झाला. म्हणजे निवृत्त लिफ्टमन. ऑफिसच्या एका उंच इमारतीत त्यानं उमेदीची सगळी वर्षं लोकांना वर-खाली नेण्यात घालवली होती. अंगानं वाळका, केस नीट भांग पाडलेले, सदऱ्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. आवाज बसून महिने झाले होते. आधी घोगरा, मग खरखरीत, आणि आता बोलताना मध्येच श्वासाला थांबायला लागायचं. तपासण्या झाल्या. घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र आख्खं काढायचं ठरलं. मानेला पुढून एक भोक ठेवायचं, पुढे जन्मभर श्वास तिथून. आवाज कायमचा गेला म्हणून समजा.

हे सगळं डॉक्टरांना माहीत होतं, नर्सेसना माहीत होतं, लिफ्टमनच्या थोरल्या मुलाला आणि धाकट्या मुलीला माहीत होतं. फरशी पुसणाऱ्या मावशींना माहीत होतं. माहीत नव्हतं ते ज्याचा गळा होता त्याला, आणि त्याच्या बायकोला.

थोरला मुलगा फिनेलबाईला पहिल्याच दिवशी कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाला, "सिस्टर, बाबा फार हळवे आहेत हो. त्यांना काही कळलं तर खचून जातील. छोटी गाठ आहे, काढून टाकणार, एवढंच सांगितलंय आम्ही. तुम्ही समजून घ्याल." बोलताना त्यानं मान एका बाजूला कलती केली होती आणि दोन्ही हात जोडले होते. असा माणूस पाहिला की तिला दोन पावलं मागे सरावंसं वाटायचं. पण ती म्हणाली, "बघते." मग पोरींना सांगितलं, "ह्यांचं नळावर घ्यायचं."

लिफ्टमनची बायको रोज दुपारी यायची, मुलीच्या दंडाला धरून. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले होते, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. ती कॉटच्या कडेला बसली की हा सुरू व्हायचा. थांबत थांबत, खरखरत, पण सुरू. "आज समोरच्या कॉटवरचा माणूस घरी गेला. आता कोण आलंय सांगू? एक जाड्या आहे, पाय वर बांधलाय, आणि बिस्किटं खातोय चोरून. उजवीकडे खिडकी आहे, तुझ्या हाताला लागेल. सिस्टर आल्यात बघ. कपाळाला आठ्या आहेत." बायको हसून म्हणायची, "अहो, हळू, ऐकतील त्या." तो म्हणायचा, "ऐकू देत. आठ्या आहेत तर आहेत."

फिनेलबाई हे ऐकत औषधाच्या गोळ्या काढायची. एकदा बायको गेल्यावर त्याला म्हणाली, "बाबा, घशाला आराम द्या जरा. किती बोलता?"

तो म्हणाला, "सिस्टर, मी न बोलून कसं चालेल? कप कुठे ठेवलाय, दारात कोण आलंय, पेपरात काय आलंय, सगळं मीच सांगतो तिला. भाजी करपायला लागली तरी वासाच्या आधी मी सांगतो. माझं तोंड म्हणजे तिचे डोळे आहेत."

तिनं पाण्याचा ग्लास त्याच्या हातात दिला आणि पुढच्या कॉटकडे गेली.  

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पाळी बदलली, घोळका नेहमीप्रमाणे हसत लिफ्टमनच्या कॉटवरून पुढे गेला, नळ सुटला, नळ बंद झाला. पोरी पांगल्या. फिनेलबाई त्याचं ब्लडप्रेशर बघायला आली तेव्हा तो म्हणाला, "झालं का नळावरचं?"

"कसलं?" ती पट्टा बांधत म्हणाली.

"सिस्टर, मी आयुष्यभर लिफ्टमध्ये उभा राहिलो. लोकांना मी दिसायचोच नाही. माझ्यादेखत त्यांनी कोणाला नोकरीवरून काढायचं ते ठरवलं, बायका सोडायचं ठरवलं. सगळं मोठमोठ्यानं. पण ज्याला काढायचं तो माणूस लिफ्टमध्ये शिरला की एकदम सगळे हवापाण्यावर यायचे. आणि हसायचे. तुमच्या पोरी हसतात ना, अगदी तसं." त्यानं श्वास घेतला. "इथे सगळ्या कॉटवाल्यांना ठाऊक आहे. कोपऱ्यातल्या कॉटवरचा मला पहिल्या दिवशीच म्हणाला, बाबा, तुमचा नळावर नंबर लागलाय. ज्याचा नंबर लागतो त्याचं खरं नसतं, म्हणे. आधीच्या पेशंटांनी त्याला सांगितलं होतं."

फिनेलबाईचा हात रबरी फुग्यावर तसाच राहिला. म्हणजे सगळ्यांना कळत होतं. आज नाही, आधीपासून. किती माणसं तिच्या ह्या वॉर्डात पडून नळाचा आवाज ऐकत राहिली असतील, कोणत्या कॉटपाशी घोळका थांबतो आणि कोणत्या नाही हे मोजत, आणि "काय काका, बरंय ना?" ला "बरंय" म्हणत. त्यांनी तिची लाज राखली होती. तिला मळमळायला लागलं. पुवानं न झालेलं काम ह्या विचारानं झालं.

"कॅन्सर आहे ते मला कळलंय," तो म्हणाला. "त्याचं काही नाही. वय झालंय. पोरांना वाटतंय मला माहीत नाही, वाटू दे. मला एकच सांगा. ऑपरेशन झाल्यावर बोलता येईल ना मला?"

हा प्रश्न त्यानं तिलाच विचारला होता, डॉक्टरला नाही, मुलाला नाही. कारण सरळ होतं. कपाळाला आठ्या असलेली बाई खोटं बोलणार नाही, असं त्याला वाटलं होतं.

ती म्हणाली, "संध्याकाळी डॉक्टर येतील. ते सगळं नीट समजावून सांगतील. काळजी करू नका."

ते वाक्य तिच्याच तोंडून बाहेर पडलं. तिच्याच आवाजात, वर थोडं हसू लावून. लिफ्टमननं तिच्याकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, "बरं."

ती तडक सर्जनच्या खोलीत गेली. हा सर्जन हसरा माणूस. हात कसबी, पेशंट त्याच्यावर जीव टाकायचे. ती म्हणाली, "सर, त्या लिफ्टमनला आवाजाचं सांगायला हवं. बायको आंधळी आहे त्याची. त्याला विचारल्याशिवाय आवाज काढून घ्यायचा म्हणजे काय?"

सर्जननं तिला खुर्ची दाखवली. ती बसली नाही. तो म्हणाला, "सिस्टर, सांगितलं तर तो नाही म्हणेल. मग काही महिन्यांत गाठ वाढेल आणि तो गुदमरून मरेल. तेव्हा त्याच्याजवळ मी नसेन, तुम्ही असाल. चालेल तुम्हाला? आधी जगू दे त्याला. मग हवा तेवढा रागवू दे."

गुदमरून मेलेली माणसं तिनं पाहिली होती.  चीड अशी की सर्जनचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, आणि अर्धं खरं असलं की माणसाला गप्प बसायला फार सोपं जातं. "तरी विचारायला हवं," ती पुटपुटली.

"विचारतो ना. संध्याकाळी मी स्वतः बोलतो. तुम्ही असा तिथे, तुमची सही लागेलच."

संध्याकाळी सर्जन आला. बरोबर थोरला मुलगा, मान कलती करून. फिनेलबाई कॉटच्या पायाशी उभी राहिली. सर्जननं लिफ्टमनच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलायला लागला. काय बोलला म्हणावं? ऐकायला बरं वाटेल असंच सगळं. घशात थोडा अडथळा आहे, तो दूर करायचाय, श्वास एकदम मोकळा होईल, जेवण नीट जाईल, चांगली झोप लागेल. चार दिवस नळी असेल. आणि मग, घड्याळाकडे बघत, "आवाजात थोडा फरक पडेल."

"थोडा?" लिफ्टमननं विचारलं.

"पडतो तेवढा. नंतर उपाय आहेत, यंत्रं आहेत. आधी बरे व्हा हो तुम्ही. काय?"

मुलगा म्हणाला, "बाबा, डॉक्टर आहेत ना. आपण कशाला डोकं चालवायचं?"

लिफ्टमननं सर्जनकडे बघितलं, मुलाकडे बघितलं आणि शेवटी फिनेलबाईकडे बघितलं. तिच्याकडे बघत राहिला. आता ती एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. ही तीच बाई, जिनं सुरकुतलेल्या चादरीवरून अख्खी पाळी उभी करून झापली होती. तिनं नजर सहीच्या कागदावर नेली. सर्जन होता, मुलगा होता, गुदमरण्याचं चित्र डोळ्यांसमोर होतं, आणि खरं सांगायचं तर चारचौघांत सर्जनला खोटं पाडायची हिंमत तिच्यात नव्हती. झाडूवाल्या मावशीला फाडून खाणारा फटकळपणा इथे शेपूट घालून बसला. अशा फटकळपणाला काय जाळायचंय?

लिफ्टमननं सही केली. समजावून सांगितल्याची साक्ष म्हणून खाली फिनेलबाईनं केली. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

घरी आल्यावर तिनं ताट वाढलं आणि स्वतः समोर नुसती बसून राहिली. नवरा म्हणाला, "जेव."

"नको." मग तिनं सगळं सांगितलं. नवरा जेवत जेवत ऐकत होता. संपल्यावर त्यानं हात धुतला आणि म्हणाला, "मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? सर्जन होता समोर."

"तू तर सगळ्यांना सांगतेस," तो म्हणाला. टोमणा नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं, म्हणून विचारत होता.

सकाळी ती लवकर निघाली. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होती. पडदा ओढायचा, स्टूल घेऊन बसायचं, आधी विचारायचं की तुम्हाला किती कळलंय, आणखी कळायला हवंय का, आणि मग सरळ सांगायचं. हे सगळं तिला चांगलं येत होतं, नव्या पोरींच्या वर्गात ती हेच शिकवायची. वॉर्डात शिरली तर लिफ्टमन ट्रॉलीवर होता. त्याचं ऑपरेशन पहिलं लागलं होतं. गुंगीचं इंजेक्शन देऊन झालं होतं, पापण्या जड झाल्या होत्या. मुलगा त्याचा हात कुरवाळत होता. "बाबा, हसा की जरा," तो म्हणत होता. लिफ्टमनला ती दिसली. त्यानं हात थोडा उचलला आणि जड जिभेनं म्हणाला, "आठ्या आहेत आज पण."

हे तो ह्या तोंडानं शेवटचं बोलला.

पुढचे काही दिवस फिनेलबाईनं त्याचं सगळं स्वतःच्या हातानं केलं. मानेतल्या भोकातला चिकट कफ नळीनं ओढून काढणं, नळी साफ करणं, नाकातून दिलेल्या नळीनं दूध घालणं. नव्या पोरी बघतानासुद्धा तोंड फिरवायच्या. हिला काही वाटत नव्हतं. मात्र त्याच्या नजरेला नजर द्यायची वेळ आली की ती सलाईनच्या थेंबांकडे बघायला लागायची. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिल्यांदा ओठ हलवले होते तेव्हा नुसती हवा निघाली होती, मानेतून. तो घाबरून उठून बसायला गेला. सर्जन येऊन म्हणाला, "मी म्हटलं होतं ना, आवाजात फरक पडेल. घाबरायचं नाही." आणि हसून पुढच्या कॉटकडे गेला. लिफ्टमन त्याच्या पाठीकडे बघत राहिला. ते बघणं फिनेलबाईनं पाहिलं आणि तिला त्या हसण्यावर थुंकावंसं वाटलं. पण मग सहीची आठवण झाली आणि थुंकी गिळावी लागली.

बायकोला मुलांनी इतके दिवस घरीच थोपवून ठेवलं होतं. आत्ता भेटायला नको, जंतूंची भीती असते, डॉक्टरांनी मनाई केलीय. एके दुपारी तिनं ऐकलं नाही. मुलीच्या दंडाला धरून आली. थोरला आधीच तिथे होता, तो लगबगीनं पुढे झाला.

"इथे बस आई. जपून."

ती नेहमीच्या जागी कॉटच्या कडेला बसली. "अहो," ती म्हणाली.

नळीतून श्वासाची घरघर आली.

"हा कसला आवाज?"

"मशीन आहे गं," मुलगा म्हणाला.

"अहो, मी आलेय. बोला ना काहीतरी. घशाला त्रास होत असेल तर एकच शब्द बोला."

लिफ्टमनचे ओठ हलले. त्यानं सलाईन लावलेला हात तिच्याकडे उचलला. मुलीनं तो अलगद धरून परत चादरीवर ठेवला आणि थोपटला.

"झोपलेत गं बाबा," थोरला म्हणाला. "औषधांची गुंगी आहे. आपण उद्या येऊ."

लिफ्टमन टक्क जागा होता. उशीवर डोकं, डोळे उघडे, आणि आपण झोपलो आहोत हे तो आपल्या मुलाच्या तोंडून ऐकत होता. कोपऱ्यातल्या कॉटवरच्या माणसानं तोंड भिंतीकडे वळवलं. फिनेलबाई ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन पायथ्याशी पोचली होती. आयुष्यात पाहिलेली सगळी घाण एकीकडे आणि हे एकीकडे, असं तिला झालं.

"ते झोपलेले नाहीत," ती म्हणाली.

"सिस्टर, प्लीज," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला.

"आई, ते जागे आहेत. तुमच्याकडेच बघताहेत. त्यांनी हात पुढे केला होता, तो बाजूला ठेवला गेला." तिनं त्या बाईचा हात धरून लिफ्टमनच्या हातात दिला. "त्यांना कॅन्सर होता. स्वरयंत्र काढून टाकलंय. बोलता येत नाही. पुढेही येणार नाही."

 बायकोनं नवऱ्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. मग म्हणाली, "ह्यांना ठाऊक होतं आधी?"

"आवाजाचं नव्हतं."

"पोरांना?"

"आई, आम्ही तुमच्या दोघांच्या भल्यासाठीच," मुलगी रडायला लागली. आईनं तिच्याकडे तोंडही वळवलं नाही. तिनं एक हात सोडवून हवेत पुढे केला, चाचपडत फिनेलबाईचं मनगट शोधलं आणि धरलं.

"बाई, तुमचे उपकार आहेत. निदान एक माणूस तरी खरं बोललं. हे म्हणायचेच मला, सिस्टर फटकळ आहेत पण आतबाहेर काही नाही."

लिफ्टमननं मोकळा हात कॉटवर आपटला. पुन्हा आपटला. मान हलवता येत नव्हती, टाके ओढले जात होते, तरी तो हलवायला बघत होता. नळीतली घरघर वाढली.

"काय झालं? काय म्हणताहेत?" बायकोनं विचारलं.

"आभार मानताहेत आई," थोरला पटकन म्हणाला. "सिस्टरना थँक यू म्हणताहेत."

लिफ्टमननं डोळे मिटले आणि हात आपटत राहिला. फिनेलबाईला समजलं तो काय म्हणतो आहे. वॉर्डात दुसऱ्या कोणालाच ते समजलं नव्हतं, समजणारही नव्हतं. ती नुसती गप्प राहिली असती तरी ते आभार तिच्या पदरात पडले असते, आणि ह्या माणसाला जन्मभर ते खोडून काढता आले नसते. लिहून दिलं असतं तरी आंधळ्या बायकोला ते पोरांनीच वाचून दाखवलं असतं. तिचं मनगट अजून त्या बाईच्या हातात होतं. हात उबदार होता.

"आभार नाही मानत आहेत," ती म्हणाली. "ते नाही म्हणताहेत. मी खरं बोलले नाही, असं सांगताहेत. ऑपरेशनच्या आधी त्यांनी मला विचारलं होतं, बोलता येईल ना म्हणून. मला सगळं माहीत होतं. मी काळजी करू नका म्हटलं. सगळं समजावून सांगितलंय म्हणून सहीसुद्धा केली."

हात आपटायचा थांबला.

बायकोनं फिनेलबाईचं मनगट सोडलं. तो हात परत नेऊन नवऱ्याच्या हातावर ठेवला आणि खाली वाकून, त्याच्या कानाशी नाही, हाताशी, विचारलं, "अहो, हे खरं आहे का?"

त्यानं तिची बोटं दाबली.

"हो म्हणाले," ती म्हणाली. मग तिनं तोंड ट्रॉलीच्या दिशेनं वळवलं. "आता तुम्ही जा. दुसऱ्या कोणाला तरी पाठवा."